काचेतील सागर

सन १८४६ मधील गोष्ट आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की या गावी अ‍ॅना थिन नावाच्या एक बाई गेल्या होत्या. निसर्गातील लहानमोठ्या जीवांचे निरीक्षण करण्याची त्यांना मोठी आवड होती. तेथील समुद्रात त्यांना प्रवाळ जातीचे काही लहान जीव आढळले. दागिन्यांतील पोवळे ज्या जीवांपासून मिळते, त्यांचेच हे दूरचे भाईबंद. बुडाशी चुनखडीची कठीण वाटी आणि वाटीच्या काठाभोवती फुलाच्या पाकळ्यांसारखे नाजूक हात, असे त्यांचे रूप असते. थिनबाई त्या रूपावर लुब्ध झाल्या. त्यांनी ते जीव समुद्राच्या पाण्यासह लंडनला आपल्या घरी आणले.

परंतु लंडन समुद्रापासून दूर. काही दिवसांनी ताजे समुद्रजल मिळेनासे झाले. जुन्या पाण्यात जीव गुदमरतील, अशी भीती बाईंना वाटू लागली. तेव्हा त्यांनी एक युक्ती योजिली. उघड्या खिडकीसमोर उभे राहून एका भांड्यातील पाणी दुसऱ्या भांड्यात आणि दुसऱ्यातील पुन्हा पहिल्यात असे ओतत राहावयाचे. हे काम त्यांची मोलकरीण रोज कितीतरी वेळ करीत असे. ओतताना पाण्यात हवा मिसळे आणि जीवांना प्राणवायू मिळे. पुढील वर्षी बाईंनी त्या पाण्यात समुद्रातील वनस्पतीही आणून ठेवल्या. अशा रीतीने समुद्रापासून दूर, एका शहरी घरात, ते प्रवाळ टिकून राहिले. घरात राखलेल्या सागरी मत्स्यालयांपैकी अगदी आरंभीचे मत्स्यालय हेच होय.

आज त्या मोलकरणीचे काम विजेचा पंप करतो. जाड काचेची टाकी, पाण्याची ऊब राखणारा हीटर, सूर्यप्रकाशाची उणीव भरून काढणारे दिवे, ही सर्व साधने बाजारात मिळतात. समुद्रातील क्षारांचे मिश्रणही कोरड्या पुडीच्या रूपाने मिळते. साहजिकच, समुद्रापासून शेकडो मैल दूर राहणाऱ्या हौशी माणसालाही आपल्या दिवाणखान्यात एक लहानसा प्रवाळ-बाग फुलवावा असे वाटू लागते. परंतु साधने हाती आली म्हणजे समुद्र हाती आला असे मात्र नव्हे. ही गोष्ट अनेक नवशिक्यांना एका दुःखद अनुभवानेच कळते.

तो अनुभव बहुधा असा असतो. नवी टाकी पाण्याने भरली जाते. त्यात क्षार विरघळतात, तळाशी पांढरी वाळू पसरली जाते, दिवा लागतो. पाणी स्फटिकासारखे निर्मळ दिसते. मग त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चार सुंदर मासे आणून त्या पाण्यात सोडले जातात. पहिले दोन दिवस आनंदात जातात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन भराभर श्वास घेऊ लागतात. त्यांचे रंग फिके पडतात, ते खाणे सोडतात आणि आठवड्याच्या आत एकामागून एक मरतात. आश्चर्य असे, की पाणी अजूनही तितकेच निर्मळ दिसत असते! क्षारांचे प्रमाण ठीक, उष्णता ठीक, पंप चालू. मग माशांचे प्राण घेतले कोणी?

याचे उत्तर असे, की मासे स्वतःच्याच उत्सर्जनाने मेले. प्रत्येक मासा अन्न खातो, त्या अन्नातून त्याच्या शरीरात अमोनिया नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात सोडला जातो. उरलेले खाद्य व विष्ठा तळाशी कुजली म्हणजे त्यांतूनही अमोनियाच निघतो. अमोनिया पाण्यात विरघळला म्हणजे डोळ्यांना दिसत नाही. पण अगदी थोड्या प्रमाणातही तो माशांच्या कल्ल्यांची हानी करतो. समुद्राचे पाणी किंचित अल्कधर्मी असते. अशा पाण्यात अमोनियाचा अधिक भाग विषारी रूपात राहतो. म्हणून गोड्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यात हा धोका मोठा असतो. निर्मळ दिसणारे पाणी आणि निर्विष पाणी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

आता सहजच असा प्रश्न पडतो, की अफाट समुद्रात अगणित मासे युगानुयुगे राहत आले आहेत. मग तेथे हे विष का साचत नाही? समुद्र विशाल आहे, हे एक कारण. तथापि केवळ विशालता पुरेशी झाली नसती. समुद्रात या विषाचा बंदोबस्त करणारे कोणीतरी असले पाहिजे. त्या कोणाचा तरी शोध लागण्यास पुष्कळ वर्षे लागली, आणि योगायोग असा, की त्या शोधात एका पित्याचा आणि त्याच्या पुत्राचा हात आहे.

पिता रॉबर्ट वॉरिंग्टन हे लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ होते. सन १८४९ मध्ये त्यांनी एका मोठ्या काचपात्रात गोडे पाणी घेऊन त्यात दोन लहान सोनेरी मासे सोडले आणि एक पाणवनस्पती लावली. मासे जो वायू बाहेर टाकतात तो वनस्पती घेते आणि माशांना लागणारा प्राणवायू परत देते, असा त्यांचा विचार होता. पण काही काळाने वनस्पतीची जुनी पाने कुजली, पाणी गढूळ झाले आणि पात्राच्या बाजूंवर बुळबुळीत थर चढला. तेव्हा वॉरिंग्टन यांनी पाण्यात काही गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजलेली पाने व तो थर खाऊन फस्त केला आणि पाणी पुन्हा स्वच्छ झाले. मासा, वनस्पती आणि गोगलगाय ही तिघे मिळून एकमेकांचा संसार सांभाळतात, असे वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये जाहीर केले. पुढे त्यांनी समुद्राच्या पाण्यावरही असाच प्रयोग केला.

वॉरिंग्टन यांनी तिघांचा संसार ओळखला. परंतु त्या पात्रात आणखी एक, चौथा रहिवासी होता. तो इतका सूक्ष्म होता, की त्यांच्या नजरेस आला नाही.

त्या चौथ्या रहिवाशाची पहिली चाहूल फ्रान्समध्ये लागली. सन १८७७ मध्ये श्लोझिंग व म्युंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी काचेची एक उंच नळी घेऊन तीत वाळू व चुनखडीची पूड भरली, आणि वरून शहरातील सांडपाणी हळूहळू सोडण्यास आरंभ केला. त्या सांडपाण्यात अमोनिया होता. सुमारे वीस दिवस काहीच घडले नाही. वरून गेलेला अमोनिया तसाच खालून बाहेर पडत राहिला. त्यानंतर मात्र अमोनिया कमी होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट नावाचा निराळा क्षार येऊ लागला. ही केवळ रासायनिक क्रिया असती, तर ती पहिल्या दिवसापासून सुरू व्हावयास हवी होती. वीस दिवसांचा विलंब का? शास्त्रज्ञांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. क्लोरोफॉर्म सजीवांना गुंगी आणतो. तेव्हा ते कार्य थांबले. जे गुंगीने थांबते ते सजीवच असले पाहिजे! वाळूच्या कणांवर कोणीतरी अदृश्य जीव वस्ती करून राहिले होते, आणि ती वस्ती वसण्यास वीस दिवस लागले होते.

पिता वॉरिंग्टन यांच्या पुत्राचे नावही रॉबर्ट वॉरिंग्टन असेच होते. ते इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील शेतीसंशोधन केंद्रात काम करीत. त्यांनी अमोनियायुक्त द्रावणात शेतातील चिमूटभर माती टाकून पाहिली. आपल्याकडे दुधाला विरजण लावतात तसाच तो प्रकार होता. काही दिवसांनी त्या द्रावणातील अमोनिया नाहीसा झाला. बारकाईने पाहता त्यांना असे दिसले, की हे कार्य दोन टप्प्यांत होते. प्रथम अमोनियापासून नायट्राइट बनते आणि मग नायट्राइटपासून नायट्रेट बनते. आणि हे दोन टप्पे दोन निराळे जीव पार पाडतात. वर्षानुवर्षे खटपट करूनही त्या जीवांना वेगळे काढणे मात्र त्यांना साधले नाही. ते यश रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राड्स्की यांना १८९० मध्ये स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे मिळाले. इतर लोक जिवाणूंना नेहमीचे पौष्टिक अन्न देत. त्यामुळे भलतेच जिवाणू माजत. विनोग्राड्स्की यांनी ते सर्व अन्न वगळले आणि केवळ अमोनिया व काही खनिज क्षार दिले. अशा उपासाच्या ताटावरही जे वाढले, तेच खरे हवे असलेले जिवाणू! जे माशाला विष, तेच यांचे अन्न होते.

पित्याने काचपात्रात जीवांचा समतोल कसा राखावा हे दाखविले आणि पुत्राने तो समतोल राखणाऱ्या अदृश्य जीवांचा माग काढला. नव्या टाकीतील मासे का मरतात, हे कोडे आता उलगडते. नव्या टाकीत पाणी असते, वाळू असते, दिवा असतो. पण हे जिवाणू जवळजवळ नसतात. घर बांधून तयार होते, पण घर झाडणारे अद्याप आलेले नसतात.

हे जिवाणू येण्यास व वाढण्यास वेळ लागतो, कारण त्यांची वाढ मंद असते. आपल्या आतड्यात राहणारा एक सामान्य जिवाणू अनुकूल परिस्थितीत सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे साडेतीन तासांच्या आत एकाचे हजारावर होतात. दह्याचे जिवाणूही झपाट्याने वाढतात, म्हणूनच रात्री लावलेले विरजण सकाळी लागलेले असते. अमोनिया खाणाऱ्या जिवाणूंना मात्र दुप्पट होण्यास अर्धा दिवस, एक दिवस किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. एका दिवसात दुप्पट असे धरले, तर एकाचे हजार होण्यास दहा दिवस हवेत. आणि टाकीला हजार नव्हे, तर कोट्यवधी जिवाणू हवे असतात. म्हणून सागरी मत्स्यालय सुरू करणाऱ्याचे पहिले काम मासे आणणे हे नसून, या जिवाणूंची वस्ती वसेपर्यंत धीर धरणे हे असते. या अवधीला टाकी पिकविणे असे म्हणता येईल. आंबा अढीत घातल्यावर तो पिकेपर्यंत जसे थांबावेच लागते, तसेच येथेही थांबावे लागते.

टाकी पिकविण्याची रीत अशी आहे. शंभर लिटर पाण्याची एक टाकी घेतली असे समजू. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेले असते. ते आपल्या हितकारक जिवाणूंनाही मारील. म्हणून गाळून शुद्ध केलेले पाणी वापरावे लागते. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. तेव्हा शंभर लिटर पाण्यासाठी साडेतीन किलोंहून थोडे अधिक क्षारमिश्रण लागते. स्वयंपाकघरातील मीठ येथे उपयोगी पडत नाही. कारण समुद्रात मिठाबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचे क्षारही असतात आणि प्रवाळांना आपला सांगाडा बांधण्यास कॅल्शियम अवश्य हवे असते. पाण्याची उष्णता सुमारे २५ ते २६ अंश सेल्सिअस राखावी लागते. टाकीतील पाणी रोज थोडे वाफ होऊन उडून जाते, पण क्षार मागेच राहतात. मिठागरात ज्या नियमाने मीठ तयार होते, तोच हा नियम होय. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी खारे पाणी घालावयाचे नसते, गोडे पाणी घालावयाचे असते.

मग टाकीत सच्छिद्र खडक रचले जातात. जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते खडक, वाळू, काच अशा पृष्ठभागांना चिकटून राहतात. मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे खडक जितका सच्छिद्र, तितकी वस्तीला जागा अधिक. सन १९६१ मध्ये इंडोनेशियातील जकार्ता येथील ली चिन एंग यांनी जीवजंतूंनी भरलेले खडक टाकीत ठेवून सागरी मासे व प्रवाळ राखण्याच्या आपल्या रीतीची माहिती प्रसिद्ध केली. पुढे अशा ‘जिवंत खडकां’चे महत्त्व सर्वत्र मान्य झाले. आज पुष्कळ लोक समुद्रातील खडक न आणता कोरडा किंवा कृत्रिम खडक घेतात आणि त्यावर जिवाणूंची नवी वस्ती वसवितात.

यानंतर जिवाणूंना अन्न हवे. पूर्वी यासाठी एखादा काटक मासा टाकीत सोडीत. तो जगला तर टाकी तयार झाली असे समजत. पण त्या बिचाऱ्याला आठवडेच्या आठवडे विषात राहावे लागे आणि पुष्कळदा ते त्याच्या जिवावर बेते. आता या क्रूरतेची गरज उरलेली नाही. माशांच्या कोरड्या खाद्याची चिमूट पाण्यात कुजू दिली, तरी अमोनिया तयार होतो. किंवा अमोनियाचा एखादा शुद्ध क्षार मोजून घालता येतो. एका लिटरमागे सुमारे दोन मिलिग्रॅम अमोनिया पुरेसा होतो. जुन्या, निरोगी टाकीतील मूठभर वाळू किंवा एखादा खडक मिळाला, तर तो विरजणाचे काम करतो आणि प्रतीक्षेचे दिवस काहीसे कमी होतात.

अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. तो ओळखण्यासाठी चाचणी करावी लागते. लहानशा नळीत टाकीतील थोडे पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकतात. एका प्रचलित चाचणीत अमोनिया नसल्यास पाणी पिवळे राहते आणि असल्यास ते हिरवे होते. नायट्राइट व नायट्रेट यांसाठीही अशाच निराळ्या चाचण्या असतात. रोजच्या चाचणीची नोंद वहीत तारखेनिशी केली, तर त्या आकड्यांतून एक मोठी मनोरंजक कथा उलगडत जाते.

आरंभी अमोनिया चढलेला असतो. आठवडाभर, कधी दहा दिवस, काहीच घडत नाही; श्लोझिंग व म्युंट्झ यांच्या नळीत घडले नव्हते तसेच. नवशिका येथेच अधीर होतो. मग एके दिवशी हिरवा रंग थोडा फिका दिसतो. अमोनिया उतरू लागला! त्याच सुमारास नायट्राइट दिसू लागते आणि चढत जाते. पहिल्या जातीच्या जिवाणूंनी काम हाती घेतले, पण दुसऱ्या जातीचे अद्याप पुरेसे झालेले नसतात. आणखी काही दिवसांनी नायट्राइटही उतरू लागते आणि नायट्रेट वाढू लागते. अखेरीस असा दिवस येतो, की सकाळी घातलेला अमोनिया दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पूर्णपणे नाहीसा होतो आणि नायट्राइटही उरत नाही. तेव्हा टाकी पिकली असे समजावयाचे. याला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. कधी त्याहून अधिक.

शेवटी राहिलेले नायट्रेट पुष्कळच कमी त्रासदायक असते. काही पाणी काढून त्याऐवजी नवे खारे पाणी घातले, की ते कमी होते. शिवाय खडकाच्या अगदी आतल्या छिद्रांत, जेथे प्राणवायू पोहोचत नाही, तेथे आणखी एका प्रकारचे जिवाणू राहतात. ते नायट्रेटमधील नायट्रोजन मोकळा करून तो वायुरूपाने हवेत परत पाठवितात. माशाच्या कल्ल्यातून निघालेल्या विषाचा प्रवास असा निरुपद्रवी हवेत संपतो. शेतात, नदीत आणि महासागरात हेच चक्र अखंड फिरत असते. टाकीत आपण त्याची केवळ लहानशी प्रतिकृती पाहतो.

टाकी पिकल्यावरही एक परीक्षा उरतेच. पांढऱ्या वाळूवर व खडकांवर तपकिरी रंगाचा थर चढतो. तो डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांचा असतो. त्यानंतर हिरवे शेवाळ उगवते. सुंदर बागेची वाट पाहणाऱ्याला टाकी ओंगळ दिसू लागते आणि सर्व खडक बाहेर काढून नळाखाली खसखसून धुवावेत असा मोह होतो. परंतु तसे करणे म्हणजे दीड महिन्याच्या तपश्चर्येवर पाणी सोडणे होय. नळाच्या पाण्यातील क्लोरीन वसलेल्या वस्तीचा नाश करील. येथे वॉरिंग्टन यांची गोगलगायच साहाय्याला येते. शेवाळ खाणाऱ्या काही सागरी गोगलगायी सोडल्या आणि थोडा धीर धरला, तर ही अवस्था हळूहळू सरते.

त्यानंतर पहिला मासा येतो. आणि तोही एकच. टाकीतील जिवाणूंची संख्या त्यांना मिळणाऱ्या अन्नाइतकीच राहते. एकदम सहा मासे सोडले, तर दहा माणसांचा स्वयंपाक असलेल्या घरी शंभर पाहुणे यावेत तशी गत होते. एक मासा सोडून काही आठवडे थांबले, की त्याच्या अमोनियाच्या प्रमाणात जिवाणू वाढतात. मग दुसरा मासा आणावा. प्रवाळांची पाळी त्यांच्याही नंतर येते. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात आणि प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करून आपल्या यजमानाला देतात. पाण्याची उष्णता, क्षारता किंवा कॅल्शियम यांत वारंवार चढउतार झाले, तर प्रवाळ तग धरू शकत नाहीत. म्हणून नव्या टाकीचे पाणी काही महिने स्थिर राहिल्यावाचून जाणती माणसे नाजूक प्रवाळ आणीत नाहीत.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. आपल्या देशाच्या समुद्रातही प्रवाळ आहेत. लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचे आखात, कच्छचे आखात येथे त्यांची मोठी वसतिस्थाने आहेत. आणि महाराष्ट्रात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील समुद्रातही प्रवाळ आढळतात. मालवणचा तो सागरी प्रदेश १९८७ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाला. खडक बांधणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाप्रमाणेच संरक्षण दिले आहे. ते समुद्रातून तोडून घरी आणणे हा गुन्हा आहे. किंबहुना, जो मनुष्य एका लहानशा टाकीत हे चक्र उभारण्यासाठी दीड महिना थांबतो, त्याला समुद्रातील प्रवाळखडक तयार होण्यास किती शतके लागली असतील याची कल्पना येते. मग तो खडक तोडण्यास त्याचा हात धजत नाही.

अशा टाक्यांनी शास्त्रज्ञांनाही पुष्कळ शिकविले आहे. विनोग्राड्स्की यांच्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ असे मानले जाई, की समुद्रातील अमोनियाचा बंदोबस्त केवळ जिवाणूच करतात. सन २००५ मध्ये अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथील मत्स्यालयातील उष्णकटिबंधीय सागरी टाकीतून शास्त्रज्ञांनी एक नवाच सूक्ष्म जीव वेगळा काढला. तो जिवाणू नव्हता, तर आर्किया या अगदी निराळ्या गटातील होता. आणि तोही अमोनियावर जगत होता. त्याचे भाईबंद जगातील सर्व महासागरांत विपुल आहेत. ज्या रहिवाशाचे काम महासागरात कोणी नीट ओळखले नव्हते, तो एका काचेच्या टाकीत सापडला!

दीड महिना काचेच्या टाकीत एकही मासा नसतो. पाहुणे येतात, रिकाम्या टाकीकडे पाहतात आणि विचारतात, “यात काहीच कसे नाही?” ज्याने वहीत रोज नोंद केली आहे, त्याला मात्र ठाऊक असते, की त्या पाण्यात खडकाखडकावर कोट्यवधी जीव राबत आहेत. त्यांची वस्ती वसल्यावाचून आणलेला मासा फार दिवस जगत नाही. ती वसल्यावर आणलेला मासा त्याच पाण्यात वर्षानुवर्षे आनंदाने पोहतो.

अभ्यास

१. थोडक्यात उत्तरे लिहा :
(अ) थिनबाईंची मोलकरीण रोज कोणते काम करीत असे? त्यामुळे काय साधत असे?
(आ) नव्या टाकीतील पाणी निर्मळ दिसूनही मासे का मरतात?
(इ) नळीतील कार्य सजीवच करीत आहेत, हे फ्रेंच शास्त्रज्ञांनी कसे ओळखले?
(ई) उडून गेलेल्या पाण्याच्या जागी गोडेच पाणी का घालावे लागते?

२. कारणे द्या :
(अ) स्वयंपाकघरातील मीठ सागरी टाकीत चालत नाही.
(आ) टाकी पिकल्यावर पहिल्याने एकच मासा सोडावा.
(इ) तपकिरी थर चढला तरी खडक नळाखाली धुऊ नयेत.

३. पिता वॉरिंग्टन व पुत्र वॉरिंग्टन यांच्या कार्यांतील संबंध आपल्या शब्दांत सांगा.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : लुब्ध होणे, चाहूल लागणे, जिवावर बेतणे, तग धरणे, हात न धजणे.

५. घरी विरजण लावण्याची कृती पाहा. दूध, विरजण, ऊब व वेळ यांपैकी एकेक गोष्ट बदलली तर काय होते, ते वडीलधाऱ्यांच्या मदतीने पाहून वहीत नोंद करा.